दोन मुली की दोन चंद्र : एका कोरियन वर्गातील लिप्यंतराचे प्रकरण

नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी आमच्या कोरियन वर्गात प्रत्येकाने फळ्यावर आपल्या कुटुंबाविषयी तीन वाक्ये लिहायची होती. चाळिशी ओलांडलेल्या एका अभियंत्यांनी, जे औद्योगिक वसाहतीतील एका कोरियन कंपनीत नोकरीला होते आणि ज्यांनी चौदा आठवड्यांत एकही तास चुकवला नव्हता, आपल्याला दोन मुली आहेत असे लिहिण्याचा प्रयत्न केला. वाक्याची रचना निर्दोष होती, क्रियापद योग्य होते, संख्याही योग्य होती. पण पहिल्या शब्दातील पहिले अक्षर दुहेरी असायला हवे होते, ते एकेरी पडले आणि वाक्याचा अर्थ ‘मला दोन चंद्र आहेत’ असा झाला. मी काही बोलण्याच्या आत पुढच्या ओळीत बसलेली चौथीतील एक मुलगी खुदकन हसली. तिला चूक लगेच दिसली होती, आणि ती दाखवून दिल्यावरही त्या गृहस्थांना मात्र दोन शब्दांतील फरक ऐकू येत नव्हता. या प्रकरणाची सुरुवात मी तिथून धरते.

वर्गाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. पुण्यात परदेशी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमुळे जर्मन, फ्रेंच, रशियन आणि जपानी या भाषा इथल्या मध्यमवर्गीय घरांत कित्येक वर्षांपासून परिचयाच्या आहेत. कोरियनची मागणी त्या मानाने अलीकडची आहे आणि ती तीन वेगवेगळ्या दिशांनी आली. रांजणगावचा एलजीचा कारखाना आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने जनरल मोटर्सकडून घेण्याचा करार केलेला तळेगावचा प्रकल्प यांमुळे नोकरी करणाऱ्यांना ही भाषा उपयोगाची वाटू लागली. कोरियन गाणी आणि मालिकांमुळे किशोरवयीन मुले तिच्याकडे ओढली गेली. आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरील परदेशी भाषांच्या उदाहरणांत कोरियनचे नाव आल्यापासून काही पालकांनी लहान मुलांसाठी चौकशी सुरू केली. मी टोपिक या कोरियन भाषा-प्राविण्य परीक्षेची चौथी पातळी पूर्ण केलेली शिक्षिका आहे. जुलै २०२४ मध्ये चिंचवडला मी जो वर्ग सुरू केला त्यात आठ ते अकरा वयाची सहा मुले, तेरा ते सतरा वयाची सहा किशोरवयीन मुले-मुली आणि नऊ प्रौढ होते. तिन्ही गटांना एकाच खोलीत, दर रविवारी दोन तास एकत्र बसवायचे हा निर्णय माझा होता. खोली एकच होती हे त्याचे खरे कारण. ‘कुटुंबाने एकत्र शिकावे’ हे मी पालकांना सांगितलेले कारण.

पहिल्या तासाला मी सर्वांना एक तक्ता वाटला होता. कोरियनच्या हांगुल लिपीतील प्रत्येक अक्षराखाली त्यात जवळचे देवनागरी अक्षर छापलेले होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे वाचू लागले आणि मला स्वतःचे कौतुक वाटले. ‘आपल्या लिपीत सगळे उच्चार लिहिता येतात’ हा विश्वास मराठी माणसाच्या मनात शाळेपासून इतका पक्का बसलेला असतो की त्या तक्त्याविषयी कुणी शंका घेतली नाही, मीही घेतली नाही.

फळ्यावरच्या त्या वाक्यानंतर पुढच्या रविवारी मी दहा शब्दांचे श्रुतलेखन घेतले. शब्द मुद्दाम निवडले होते. कोरियनमध्ये चंद्र, मुलगी आणि मुखवटा या तीन शब्दांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा आहे : एकात साधे, एकात ताणलेले आणि एकात महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह उच्चारलेले. आग, शिंग आणि गवत यांचेही असेच त्रिकूट आहे. नऊ प्रौढांपैकी सात जणांनी ‘मुलगी’ ऐकून ‘चंद्र’ लिहिले. यात नवल नव्हते. नवल पुढे होते : त्याच सात जणांनी ‘चंद्र’ ऐकून ‘मुखवटा’ लिहिले होते, आणि ‘शिंग’ ऐकून ‘आग’, ‘आग’ ऐकून ‘गवत’. अंदाजाने लिहिणारा माणूस अशा चुका करत नाही. हे सर्व जण एकच नियम पाळत होते, आणि तो नियम त्यांना माझ्या तक्त्याने दिला होता.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मराठीत त, थ, द, ध अशी चौपदरी व्यवस्था आहे आणि तिचा आधार दोन गोष्टींवर आहे : घोष, म्हणजे उच्चारताना गळ्यात होणारा कंप, आणि श्वासाचा जोर. कोरियनमध्ये शब्दाच्या आरंभी तीनच प्रकार येतात आणि तिन्ही अघोष, म्हणजे त्या कंपाशिवायचे, असतात. त्यातले साधे व्यंजन उच्चारताना थोडा श्वास सुटतोच, त्यामुळे मराठी कानाला ते ‘थ’कडे झुकलेले वाटते, ताणलेले व्यंजन उच्चारताना श्वास जवळजवळ सुटत नाही, त्यामुळे ते आपल्या नेहमीच्या ‘त’सारखे ऐकू येते. तक्त्यात मात्र साध्या व्यंजनाखाली ‘त/द’ आणि ताणलेल्या व्यंजनाखाली ‘त्त’ असे छापलेले होते. म्हणजे विद्यार्थ्याला कानाने ‘त’ मिळत होता, तक्ता ‘त म्हणजे साधे अक्षर’ असे सांगत होता, आणि मुलीचा चंद्र होत होता. मराठी माणूस आपला स्वच्छ ‘त’ वापरून चंद्र म्हणायला गेला की सोलच्या माणसाला नेमके उलटे, म्हणजे ‘मुलगी’, ऐकू येण्याची शक्यता मोठी. त्यात भर म्हणजे आजच्या सोलच्या बोलीत साधे आणि महाप्राण व्यंजन ओळखण्याची मुख्य खूण श्वास राहिलेली नसून त्यापुढच्या स्वराची पट्टी झाली आहे : साध्या व्यंजनानंतर आवाज खालच्या पट्टीत लागतो, महाप्राण आणि ताणलेल्या व्यंजनांनंतर वरच्या. देवनागरीत पट्टी लिहिण्याची सोय नाही. वैदिक स्वरचिन्हे आहेत, पण ती कोरियनसाठी वापरावीत असे मला सुचवायचे नाही.

एकदा संशय आल्यावर तक्त्यातील इतर भेगाही दिसू लागल्या. ‘पाबो’ म्हणजे मूर्ख. या शब्दात एकच अक्षर दोनदा येते, पण शब्दाच्या आरंभी ते ‘प’सारखे आणि दोन स्वरांच्या मध्ये ‘ब’सारखे उच्चारले जाते, तेव्हा त्याच्याखाली एकच देवनागरी अक्षर कोणते छापणार? ‘नामजा’ म्हणजे पुरुष. हा शब्द देवनागरीत वाचणारे निम्मे प्रौढ त्यातला ज ‘जागा’मधल्या ज-सारखा उच्चारत होते, वास्तविक तो ‘जन्म’मधल्या ज-सारखा हवा. आपण च, ज आणि झ प्रत्येकी दोन प्रकारे उच्चारतो आणि एकाच प्रकारे लिहितो, हे आपण घरात विसरून गेलेलो असतो. परक्या भाषेच्या दारात ते आठवते. ‘फ’चे तर तिसरेच. जुन्या पिढीचा ओठ मिटून केलेला, ‘फळ’मधला फ कोरियनला अचूक लागतो, पण वर्गातल्या तरुणांचा फ इंग्रजी वळणाने दातांवर गेलेला होता, आणि कोरियनमध्ये तो ध्वनीच नाही.

सर्वांत मोठी अडचण शब्दाच्या शेवटी होती. कोरियन अक्षरगटाच्या तळाशी बसणाऱ्या व्यंजनाला ‘पाछिम’, म्हणजे आधार, म्हणतात. लिहिताना तिथे बरीच वेगवेगळी व्यंजने येऊ शकतात, पण उच्चारात त्यांचे सातच ध्वनी उरतात. ‘फूल’ या अर्थाचा शब्द एकटा असताना ‘क्कोत’ ऐकू येतो, कर्त्याचा प्रत्यय लागला की ‘क्कोछी’ होतो आणि ‘फक्त फूल’ म्हणायचे झाले तर ‘क्कोन्मान’. लिखाणात मात्र तळाचे अक्षर तिन्ही ठिकाणी तेच राहते आणि वाचणाऱ्याला शब्द ओळखू येतो. देवनागरीत उच्चाराप्रमाणे टिपून घेणाऱ्या एका शिक्षिका-विद्यार्थिनीच्या वहीत हे तीन वेगळे शब्द म्हणून तीन पानांवर नोंदलेले मला सापडले. (या लेखात मलाही कोरियन शब्द देवनागरीतच लिहावे लागत आहेत, हा विरोधाभास मला दिसतो, वाचकांनी त्यांवरून उच्चार शिकू नयेत.)

वह्या तपासायच्या ठरल्यावर मी सर्वच वह्या मागवल्या. प्रौढांच्या वहीत प्रत्येक कोरियन ओळीच्या डोक्यावर देवनागरीची एक ओळ होती, बहुतेकांची पेन्सिलने, अभियंत्यांची लाल शाईने. किशोरवयीन मुलांच्या वहीत तीच ओळ रोमन अक्षरांत होती, कारण गाण्यांचे शब्द त्यांनी आंतरजालावर तसेच वाचलेले होते. लहान मुलांच्या वहीत वरची ओळ नव्हतीच. पालकांनी याचा अर्थ ‘मुलांची ग्रहणशक्ती जास्त’ असा लावला. मुलांना विचारले तेव्हा वेगळेच कळले : दोनदा लिहायचा त्यांना कंटाळा येत होता. तिसरी-चौथीतील मुलाला एक ओळ लिहायला प्रौढाच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणून त्यांनी ऐच्छिक काम सोडून दिले आणि त्या आळसाचा त्यांना फायदा झाला. मुले लवकर शिकतात हे विधान आठवड्याला दोन तासांच्या वर्गात मला फारसे अनुभवाला आलेले नाही. व्याकरण प्रौढांनीच आधी आत्मसात केले होते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तक्ते परत घेतले. विरोध झाला, एका गृहिणीने ‘काठी काढून घेतल्यावर चालायचे कसे’ असे विचारले आणि तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणून काठीच्या जागी दुसरे काहीतरी देणे भाग होते. ते हांगुलमध्येच होते. राजा सेजोंग याच्या काळात १४४३ मध्ये ही लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा तिच्या रचनेचे स्पष्टीकरणही लिहून ठेवले गेले. ‘न’चे अक्षर म्हणजे दातांमागे टेकलेल्या जिभेच्या टोकाचा आकार, ‘म’चे अक्षर म्हणजे तोंड, ‘स’चे म्हणजे दात. साध्या व्यंजनात एक रेघ वाढवली की ते महाप्राण होते, आणि तेच अक्षर शेजारी-शेजारी दोनदा लिहिले की ताणलेले होते. स्थान आणि प्रयत्न यांनुसार वर्णांची मांडणी करणारी वर्णमाला ज्यांनी बालवाडीत पाठ केली आहे, त्यांना हे तत्त्व समजायला अर्धा तास पुरला. आम्ही कागदाचा पातळ तुकडा ओठांपुढे धरून ‘आग’, ‘शिंग’, ‘गवत’ म्हणत राहिलो. ‘शिंग’ म्हणताना कागद हलता कामा नये. पट्टीतील फरकासाठी मुलांनी त्या तीन शब्दांना चाल लावली, आणि ती चाल पुढचे दोन महिने अनेकांच्या घरी ऐकू येत राहिली. किशोरवयीन मुलांना मी केवळ भ्रमणध्वनीवर कोरियन कळफलक बसवायला सांगितले. व्यंजने डावीकडे, स्वर उजवीकडे अशी त्याची रचना आहे, आणि त्यावर टंकन करताना रोमन अक्षरांचा काही उपयोग होत नाही, तेव्हा त्यांची सवय आपोआप मागे पडली.

पाछिमच्या उच्चारबदलांसाठी मात्र संस्कृत संधी कामाला आली. ‘वाक्’ आणि ‘मय’ मिळून ‘वाङ्मय’ होते, ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो. कोरियनमध्ये ‘हान्गुक’ म्हणजे कोरिया आणि ‘माल’ म्हणजे बोली मिळून ‘हान्गुङ्माल’ ऐकू येते, ते याच नियमाने. ‘धन्यवाद’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी सर्वांना ‘हाम्निदा’ ऐकू येते, पण लिहिताना तिथे ‘म’ नसून ‘प’ असतो, हे पूर्वी दर आठवड्याला सांगावे लागे. संधीचा नियम सांगितल्यानंतर ते पुन्हा सांगावे लागले नाही.

इथे मला माझी खरी चूक दिसली. मराठीची मदत जिथे घ्यायची तिथे मी घेतली नव्हती. उच्चारासाठी देवनागरी दिली आणि व्याकरण मात्र इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या आधारे, इंग्रजी संज्ञांमधून शिकवले. अभियंत्यांच्या वाक्यात हे दोन्ही एकत्र दिसत होते. ‘मला दोन मुली आहेत’ या वाक्यात मराठीत ‘मुली’ हा कर्ता आणि ‘असणे’ हे क्रियापद आहे. कोरियनमध्येही तसेच आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मालकी दाखवणारे क्रियापद बाजूला ठेवावे लागते, त्यांना काहीच करावे लागले नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम, नामाला मागून लागणारे प्रत्यय, ‘मीही’मधल्या ‘ही’सारखा एकाक्षरी ‘दो’, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. क्रियापदाला लिंग नसल्यामुळे ‘जातो’ आणि ‘जाते’ यांतून सुटका होते, ती वेगळीच.

संयुक्त क्रियापदांच्या पाठात हे अगदी उघड झाले. इंग्रजी पुस्तकात एका रचनेचे स्पष्टीकरण ‘एखादी क्रिया करण्याचा अनुभव घेणे’ असे होते आणि दुसरीचे ‘क्रिया पूर्ण होणे व त्याबद्दल खेद किंवा सुटकेची भावना असणे’ असे. विद्यार्थी गोंधळले होते. मी पुस्तक मिटून फळ्यावर शब्दशः मराठी लिहिले. ‘मॉगॉ पोदा’ : यातला पहिला शब्द खाण्याचा, दुसऱ्याचा अर्थ पाहणे, म्हणजे ‘खाऊन पाहणे’. ‘मॉगॉ पॉरिदा’ : दुसऱ्याचा अर्थ टाकणे, म्हणजे ‘खाऊन टाकणे’. ‘स्सॉ जुदा’ : लिहिणे आणि देणे, म्हणजे ‘लिहून देणे’. वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग एक आजी, ज्या नातवाला सोडायला येत असत आणि आमच्या पटावरही नव्हत्या, मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, ‘मग हे आपलंच आहे की.’ दोन भाषांचे घराणे वेगळे आहे आणि या साम्यावरून नात्याचे तर्क लढवू नयेत, हे मी लगेच सांगितले. पण शिकण्यासाठी त्या साम्याचा उपयोग न करणे हा शुद्ध करंटेपणा होता.

ही मदत सर्वत्र मिळत नाही. ‘मी पुण्यात आहे’ आणि ‘मी पुण्यात काम करतो’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच ‘त’ लावतो, तर कोरियनमध्ये असण्याला एक प्रत्यय आणि क्रिया करण्याला दुसरा लागतो. मराठीभाषक विद्यार्थी इथे हमखास चुकतात. विषय दाखवणारा आणि कर्ता दाखवणारा असे दोन प्रत्यय वेगळे ठेवतानाही मराठी फारशी उपयोगी पडत नाही.

किशोरवयीन मुलांचा प्रश्न लिपीपेक्षा आदराचा होता. त्यांनी कोरियन मालिकांमधून बरेच शब्द उचलले होते, आणि मालिकांतील मित्र एकमेकांशी जवळिकीच्या, बिनआदराच्या भाषेत बोलतात. पतीच्या नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या एक कोरियन बाई जानेवारीत आमच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलीने त्यांच्या सूचनेला ‘अरासॉ’ असे उत्तर दिले. मराठीत ते ‘बरं गं, कळलं’ असे झाले असते. बाईंनी स्मित केले. मला मात्र घाम फुटला. त्याच दिवशी एका मुलाने आपल्याहून मोठ्या मुलाला ‘ओप्पा’ म्हटले. मोठ्या भावासाठी हा शब्द फक्त मुलींनी वापरायचा असतो, मुलाने ‘ह्यॉङ’ म्हणायचे. आपल्या ‘दादा’ला असे बंधन नाही.

‘तू, तुम्ही, आपण’ या तीन पायऱ्या सांगून मी आधी हे समजावले होते, पण ते अपुरे होते. कोरियनमध्ये ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा आदर आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा आदर क्रियापदात वेगवेगळा नोंदवला जातो. त्यासाठी पुढे दोन वाक्ये उपयोगी पडली. ‘अरे, बाबा आले’ यात ऐकणारा बरोबरीचा आहे आणि येणारा आदरणीय. ‘अहो, तो आला’ यात ऐकणाऱ्याला मान आहे आणि येणाऱ्याला नाही. ‘अरे’ आणि ‘अहो’ जे काम वाक्याच्या तोंडाशी करतात ते कोरियन क्रियापदाच्या शेपटाशी होते, एवढे सांगितल्यावर मुलांनी स्वतःच चारही जोड्या तयार केल्या.

फेब्रुवारीत मी तेच दहा शब्दांचे श्रुतलेखन पुन्हा घेतले. सात प्रौढांपैकी पाच जणांना आता ‘मुलगी’ लिहिता आली. ‘चंद्र’ आणि ‘मुखवटा’ यांत तिघे अजूनही अडखळत होते. ही प्रगती तक्ता काढल्यामुळे झाली की केवळ अडीच महिने अधिक सराव झाल्यामुळे, हे वेगळे काढणे एवढ्या लहान वर्गात शक्य नाही. शिवाय प्राथमिक टोपिक परीक्षेत १०० मिनिटांत ७० प्रश्न सोडवायचे असतात, आणि ते सारे श्रवण व वाचनाचे असतात. लेखन वा भाषण तिथे तपासले जात नाही. प्रमाणपत्रासाठी आलेल्या दोघांना माझे हे कागदाचे तुकडे आणि चाली वेळेचा अपव्यय वाटल्या आणि त्यांनी वर्ग सोडला. त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होते.

मार्चपासून मी तीन तुकड्या वेगळ्या केल्या, कारण किशोरवयीनांना आदराचे पाठ, प्रौढांना परीक्षेचा सराव आणि मुलांना नुसते वाचन हवे होते, आणि एकाचे काम चालू असताना उरलेले दोन गट भिंतीकडे पाहत बसत. याची किंमतही मोजावी लागली. आपल्या मुलीबरोबर बसता येते म्हणून येणाऱ्या एका आईने शिकणे थांबवले. माझा रविवार सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत लांबला, खोलीचे भाडे वाढले. पहिला अर्धा तास मात्र अजूनही सर्वांचा एकत्र असतो : त्यात श्रुतलेखन होते, शब्द मुले वाचतात आणि मोठी माणसे लिहितात.

अभियंते अजून येतात. त्यांच्या वहीतील लाल ओळ गेली आहे, पण परवा पान उलटताना कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘त्त’ लिहून त्याभोवती गोल केलेला मला दिसला. मी तो पाहिला नाही असे दाखवले. नव्या वर्षाच्या वर्गासाठी तक्ता छापायला दिला आहे. त्यात प्रत्येक अक्षराखाली तोंडाचे छोटे चित्र आहे आणि त्याखालची चौकट रिकामी आहे.